टाइमआउटमध्ये मी नक्की काय बोललो?

व्हॉलीबॉलमध्ये एका सेटला दोन टाइमआउट मिळतात, प्रत्येकी ३० सेकंदांचे. त्यातले पहिले सात-आठ सेकंद पोरी कोर्टवरून येण्यात आणि पाणी पिण्यात जातात, शेवटचे चार-पाच परत जाण्यात, म्हणजे कोचला बोलायला उरतात फार तर अठरा-वीस सेकंद. दोन वर्षांपूर्वीची एक मॅच, आम्ही १४-१९ ने मागे, समोरची एक सर्व्हर लागोपाठ पाच पॉइंट घेऊन बसलेली आणि आमचा रिसीव्ह, म्हणजे समोरची सर्व्हिस उचलणं, पार कोसळलेला. मी टाइमआउट घेतला आणि शांतपणे, अगदी मुद्देसूद सांगितलं, की सर्व्हिस लांब पडतेय तर दोन पावलं मागे उभ्या राहा, पहिला पास उंच ठेवा, सेटरला (म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारीला) वेळ मिळू दे. निदान मला तरी असंच आठवत होतं. सेट गेला, मॅच पण गेली, आणि माझ्या डोक्यात हिशोब पक्का बसला की मी सांगितलं होतं, पोरींनी ऐकलं नाही.

संध्याकाळी सहज आमच्या लिबेरोला, म्हणजे मागच्या रांगेत फक्त बचावासाठी खेळणाऱ्या पोरीला, विचारलं, "काय गं, टाइमआउटला मी काय सांगितलं होतं?"

ती जरा थांबली. "सर, तुम्ही खूप चिडला होतात."

"ते सोड, सांगितलं काय?"

"'काय चाललंय काय' असं म्हणालात. मग 'लक्ष कुठंय तुमचं' म्हणालात. पुढचं नाही आठवत."

मला वाटलं ही ऐकतच नव्हती. पण एका पालकांनी बेंचच्या मागून व्हिडिओ काढला होता (हल्ली पालक सगळंच शूट करतात, कधीकधी वैताग येतो, त्या दिवशी उपयोग झाला) तो रात्री बघितला, आणि पोरगी शंभर टक्के बरोबर होती. दोन पावलं मागे हे मी म्हणालो होतो, नाही असं नाही, पण पंचविसाव्या सेकंदाला, जेव्हा निम्म्या पोरींची पाठ माझ्याकडे वळलेली होती. त्याच्या आधीचे वीसेक सेकंद मी स्वतःचा राग बाहेर काढत होतो. आणि मला शपथेवर विचारलं असतं तरी मी शांतपणे मुद्देसूद बोललो असंच सांगितलं असतं, खोटं म्हणून नव्हे, मला तसंच आठवत होतं म्हणून.

त्या दिवसापासून मी वही घातली असं लिहायला बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. आठ महिने मी काहीही केलं नाही, व्हिडिओ डिलीट करून टाकला आणि विषय संपवला.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण म्हणजे कोचने स्वतःच्या कामाकडे मागे वळून बघावं, त्याची सवय लावावी, ही गोष्ट आता कोचिंगच्या कोर्सेसमध्ये, लायसन्सच्या अटींमध्ये, अकॅडम्यांच्या नियमांमध्ये शिरायला लागली आहे, 'रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिस' या भारदस्त नावाने. मराठीत त्याला आत्मपरीक्षण म्हणावं तर तो शब्द हरलेल्या पक्षांनी वापरून वापरून इतका गुळगुळीत केलाय की तो ऐकला की पुढे काहीच होणार नाही याची खात्री पटते. मी साधं 'मागे बघणं' म्हणतो. माझं म्हणणं दोन टोकांचं आहे आणि ते एकत्र धरायला लागतं. एक, मागे बघितल्याशिवाय कोच शिकत नाही, वर्षं कितीही घाला. दोन, ज्या पद्धतीने आपण हे कोचेसवर लादायला निघालोय, फॉर्म भरा, सबमिट करा, मार्क घ्या, त्या पद्धतीने ही सवय लागणं सोडाच, असलेली पण जाईल.

पहिल्या मुद्द्यावर लोक लगेच म्हणतात, अहो अनुभव आहे की. वीस वर्षं ग्राउंडवर घालवलीत, नजर तयार झालीय. नजरेबद्दल जरा बोलू. १९८६ मध्ये फ्रँक्स आणि मिलर या दोन संशोधकांनी नवख्या फुटबॉल कोचेसना मॅचचा खेळ दाखवला आणि नंतर काय काय घडलं ते विचारलं, तर बरोबर आठवलेल्या गोष्टी निम्म्याहूनही कमी निघाल्या. आता तुम्ही म्हणाल नवखेच ते. तर पुढे १९९३ मध्ये फ्रँक्सनेच जिम्नॅस्टिक्समध्ये अनुभवी आणि बिनअनुभवी अशा दोघांना दोन परफॉर्मन्समध्ये फरक आहे का ते ओळखायला लावलं. अनुभवी कोचेसना नसलेले फरक पण दिसत होते, आणि चुकीच्या उत्तराबद्दलसुद्धा त्यांना भारी खात्री होती. म्हणजे वर्षं गेली की खात्री वाढते हे नक्की, बाकीचं वाढेलच असं नाही.

आणि हे झालं खेळाडूंकडे बघण्याबद्दल. स्वतःकडे बघण्याचा प्रकार त्याहून वाईट. रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात लहान मुलांच्या बेसबॉल लीगमधल्या कोचेसवर बरंच काम केलं. निरीक्षक बसवून कोच किती वेळा शाबासकी देतो, किती वेळा चूक समजावून सांगतो, किती वेळा ओरडतो ते सगळं मोजलं. मग कोचला विचारलं तू काय करतोस, आणि मुलांना पण विचारलं. कोचचं स्वतःबद्दलचं मत आणि मोजलेले आकडे जवळपास जुळतच नव्हते, अपवाद फक्त शिक्षेचा, ते त्यांना बऱ्यापैकी ठाऊक होतं. मुलांचं म्हणणं मात्र निरीक्षकांशी जास्त जुळत होतं. आठ ते पंधरा वर्षांच्या पोरांना आपला कोच कसा वागतो हे कोचपेक्षा जास्त माहीत. माझी लिबेरो काही अपवाद नव्हती.

आठ महिन्यांनी मी जे केलं ते खरं तर दुसऱ्याच कारणाने केलं. घसा बसला होता. डॉक्टर म्हणाले आवाज कमी वापरा, आणि मला उत्सुकता वाटली की मी वापरतो तरी किती. म्हणून दीड तासाच्या प्रॅक्टिसला फोन खिशात रेकॉर्डिंगवर ठेवला आणि छोटा माइक टीशर्टच्या कॉलरला लावला. ते ऐकायला बसलो तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत बंद करावंसं वाटलं. स्वतःचा आवाज ऐकणं हीच एक शिक्षा असते, त्यात तो आवाज सतत कुणाला तरी घाई करत असतो. मग एका कागदावर चार रकाने आखले: माहिती, शाबासकी, ओरडा आणि नुसता आवाज. 'कोपर सरळ ठेव' हे माहितीत. 'मस्त' शाबासकीत. चौथ्या रकान्यात 'चला चला', 'कमॉन', 'अरे यार', 'हां हां हां'. एकूण २१२ वाक्यं, त्यातली ९७ चौथ्या रकान्यात. घसा कशाने बसला ते कळलं.

पण खरा धक्का तो नव्हता. मग मी नावं मोजली, म्हणजे कुठल्या पोरीचं नाव मी किती वेळा घेतलं ते. सेटरचं ३१ वेळा. चौदा जणींपैकी दोघींचं एकदाही नाही. त्यातली एक अशी आहे की तिने प्रॅक्टिस चुकवल्याचं मला आठवत नाही, नेट बांधायला सगळ्यात आधी ती असते. दीड तास ती माझ्यासमोर खेळली आणि मी एकदाही तिचं नाव उच्चारलं नाही, ना चांगल्यासाठी ना वाईटासाठी. हे मला कुठल्याही अनुभवाने सांगितलं नव्हतं, आणि स्कोअरबोर्ड तर सांगणारच नाही.

माहितीच्या रकान्यावरून एक जुना आकडा आठवला. जॉन वुडन, अमेरिकेतल्या यूसीएलए या विद्यापीठाचा बास्केटबॉल कोच, बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेला माणूस. त्याच्या शेवटच्या सीझनमध्ये, १९७४-७५ ला, थार्प आणि गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ त्याच्या १५ प्रॅक्टिस बघायला बसले आणि त्याच्या शिकवण्याच्या एकूण २,३२६ कृती त्यांनी नोंदवल्या. जवळपास तीन चतुर्थांश निव्वळ माहिती, काय करायचं आणि कसं करायचं. शाबासकी सातेक टक्के, आणि नाराजी पण जवळपास तेवढीच. भाषणं नाहीत. हे वाचून लोक 'बघा, शाबासकी कमी द्यावी' असा अर्थ काढतात, आणि तिथेच घोळ आहे. तो माणूस रोज असिस्टंटबरोबर दोनेक तास बसून त्या दिवशीच्या प्रॅक्टिसचा आराखडा करायचा, कार्डांवर उतरवायचा, आणि ते सगळे आराखडे नोंदींसकट जपून ठेवायचा, मागच्या वर्षी याच दिवशी काय केलं होतं ते बघायला. सीझन संपला की एखादा एकच विषय घेऊन त्याच्या मागे लागायचा. यूसीएलएमध्ये तो १९४८ ला आला, पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९६४ ला. मधली पंधरा-सोळा वर्षं त्या नोंदी साठत होत्या. आपण त्यातली फक्त वरची साय उचलतो, सात टक्के शाबासकी.

आपल्याकडचं उदाहरण तर सगळ्यांना पाठ आहे. २०१३ मध्ये निवृत्तीच्या भाषणात सचिन म्हणाला की आचरेकर सर २९ वर्षांत कधी 'वेल प्लेड' म्हणाले नाहीत, मी डोक्यात हवा जाऊन सैल पडेन म्हणून. त्यानंतर किती कोचेसनी मला हे ऐकवलंय याची गणती नाही, बघा सर कौतुक करायचं नसतं. अहो पण ते एका विशिष्ट मुलाबद्दल, एका विशिष्ट गुरूचा निर्णय होता, आणि त्या मुलाला एका मॅचवरून दुसऱ्या मॅचला स्कूटरवर बसवून नेणारा माणूसही तोच होता. न बोललेलं कौतुक त्या पोराला कुठून तरी पोचत असणार. तुमच्या टीममधल्या कुणाकुणाला ते पोचतंय, हे तपासलंत का? नसेल तर ती नुसती नक्कल झाली.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त पटलेली आहे ती सांगतो, कारण 'ओरडल्याशिवाय सुधारत नाहीत' हा कोचिंगमधला सगळ्यात चिवट समज आहे आणि तो अनुभवातूनच येतो, पुस्तकातून नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन, ज्यांना पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते तरुणपणी इस्रायलच्या हवाई दलातल्या फ्लाइट इन्स्ट्रक्टरांना शिकवत होते की कौतुक हे शिक्षेपेक्षा जास्त परिणाम करतं. तर एक जुनाजाणता इन्स्ट्रक्टर उभा राहिला आणि म्हणाला की साहेब, माझा अनुभव बरोबर उलटा आहे. एखाद्या कॅडेटने कसरत झकास केली आणि मी कौतुक केलं की पुढच्या वेळी तो हमखास वाईट करतो, आणि वाईट केल्यावर झापला की पुढच्या वेळी सुधारतो. कानेमनच्या लक्षात आलं की या माणसाने बघितलंय ते खरंच आहे, फक्त त्याचं कारण वेगळं आहे. माणूस आपल्या नेहमीच्या पातळीच्या खूप वर गेला की पुढच्या वेळी खाली येणारच आणि खूप खाली गेला की वर येणारच, तुम्ही कौतुक करा, झापा नाहीतर कान खाजवत उभे राहा. हे दाखवायला त्यांनी तिथल्या सगळ्यांना पाठीमागच्या निशाण्यावर, त्याकडे न बघता, दोन दोन नाणी फेकायला लावली, आणि पहिलं नाणं जवळ पडलेल्या बहुतेकांचं दुसरं लांब गेलं, लांब गेलेल्यांचं जवळ आलं. कुणी कुणाला झापलं नव्हतं.

थोडा वेळ यावर थांबा. कोच कधी ओरडतो? खेळ तळाला गेलेला असतो तेव्हा. त्यानंतर तो सुधारण्याचीच शक्यता जास्त, म्हणजे प्रत्येक वेळी ओरडल्याचं बक्षीस कोचला मिळतं. कौतुक कधी करतो, सगळं जमून आलेलं असतं तेव्हा, त्यानंतर घसरण, म्हणजे कौतुकाची शिक्षा मिळते. वीस वर्षं हे रोज घडतंय. वीस वर्षांनंतर तो कोच छातीठोकपणे सांगतो की मी अनुभवाने शिकलोय, पोरं ओरडल्यावरच सुधारतात, आणि तो प्रामाणिक असतो. अनुभवाने त्याला फसवलंय, आणि फसवताना रोज थोडं थोडं शिकवल्याचा आव आणलाय. यातून बाहेर पडायला नुसता विचार पुरत नाही, कारण विचार त्याच आठवणींवर चालतो. कुठेतरी लिहिलेलं लागतं. सर्व्हिस चुकल्यावर ओरडलो तेव्हा पुढची कशी गेली आणि काहीच बोललो नाही तेव्हा कशी गेली, हे मी तीन आठवडे खुणा करून बघितलं. मोठा शास्त्रीय प्रयोग वगैरे अजिबात नाही, कागदावर रेघा मारल्या. ओरडण्याने फरक पडताना मला दिसला नाही. घशाला मात्र पडला.

जिंकणं ही तर याहून मोठी अडचण. हरलो की सगळे मागे बघतात, आपोआप, रात्री झोप न येता. जिंकलो की कुणीच बघत नाही. बॅरन आणि हर्शी या दोघांनी १९८८ मध्ये दाखवून दिलं होतं की तोच निर्णय, तीच माहिती, पण शेवट चांगला झाला असं सांगितलं की लोक निर्णय घेणाऱ्याला शहाणा ठरवतात आणि वाईट झाला सांगितलं की बावळट. माझा सगळ्यात वाईट बदल, म्हणजे चांगली खेळणारी ब्लॉकर काढून दुसरी घातली होती ते, त्या सेटमध्ये आम्ही जिंकलो कारण समोरच्यांनी लागोपाठ तीन सर्व्हिस नेटमध्ये मारल्या. लोकांनी येऊन हात मिळवले, सर काय बदल केलात. मी पण हसून मान डोलावली.

आता वहीबद्दल. पहिली वही मोठ्या उत्साहात आणली, रोज रात्री दोन पानं लिहायची ठरवलं, अकरा दिवस टिकलं. बाराव्या दिवशी उशीर झाला, तेराव्या दिवशी कालचं राहिलंय म्हणून आजचं नको, संपलं. शिवाय वाचून बघितलं तर त्या बावीस पानांत एकोणीस पानं पोरींबद्दल होती, हिचं लक्ष नव्हतं, तिचं फूटवर्क ढिलं. नाचता येईना अंगण वाकडं, ते पण सुवाच्य अक्षरात. माझ्याबद्दल जवळपास काहीच नाही.

आत्ता जे टिकलंय ते असं आहे. खिशात मावेल अशी वही. प्रॅक्टिसच्या आधी एक ओळ: आज मी काय करून बघणार आहे, मी, पोरी नाही. उदाहरणार्थ, 'ड्रिल थांबवून बोलायचं नाही, चालू असतानाच बोलायचं'. प्रॅक्टिस संपल्यावर, नेट सोडण्याच्या आधी, घरी जाऊन नाही, दोन ओळी: काय घडलं आणि पुढच्या वेळी काय बदलायचं. बस. ही आधीची ओळ फार महत्त्वाची आहे कारण निकाल कळल्यावर आपण सगळे 'मला वाटलंच होतं' या गटात जातो, त्यावर फिशहॉफने १९७५ मध्येच प्रयोग केले होते. आधी लिहून ठेवलेलं असेल तर ती पळवाट बंद होते. मॅचच्या आधी पण मी लिहितो, मला काय होईल असं वाटतंय आणि का. निम्म्या वेळा साफ चुकलेलं असतं आणि ते चुकलेलं वाचणं हेच खरं शिकणं, जरा बोचतं.

याच्यामागे जे मोठं नाव घेतात ते अमेरिकन विचारवंत डोनाल्ड शॉन, १९८३ मध्ये त्यांनी मांडलं की व्यावसायिक माणूस दोन प्रकारे विचार करतो, एक काम चालू असताना, हात थांबवता न येता, आणि दुसरा काम झाल्यावर. पुढे २००१ मध्ये गिल्बर्ट आणि ट्रूडेल यांनी मुलांच्या खेळातल्या सहा कोचेसचा बारकाईने अभ्यास केला आणि तिसरा प्रकार जोडला, सीझन संपल्यावरचा, जेव्हा बदलायला काहीच हातात नसतं पण डोकं निवांत असतं. टाइमआउटमधले वीस सेकंद म्हणजे पहिला प्रकार. पण मला जे लक्षात आलंय ते असं की पहिला प्रकार थेट सुधारता येत नाही, तो दुसऱ्यातून झिरपत येतो. वहीत दहा वेळा 'टाइमआउटला फार बोललो' लिहिल्यावर अकराव्या वेळी तोंड उघडताना आपोआप आठवतं. सातव्या-आठव्या वेळी नाही आठवत, तेव्हा निराश होऊ नये, एवढंच.

आणि एकट्याने होत नाही. गिल्बर्ट-ट्रूडेलच्या कोचेसनाही विश्वासाची, बरोबरीची माणसं लागत होती, बोलायला. न्यूझीलंडच्या रग्बी टीमचा कोच ग्रॅहम हेन्री, आधी शाळेचा मुख्याध्यापक असलेला, मॅचच्या आधी जोशपूर्ण भाषण द्यायचा. एक दिवस कॅप्टन ताना उमागाने त्याला विचारलं की हे भाषण नक्की कुणासाठी असतं, तुमच्यासाठी की आमच्यासाठी. हेन्रीने विचार केला आणि भाषणं बंद करून टाकली. पुढे २००७ चा वर्ल्ड कप ते क्वार्टर फायनलला हरले, त्याला काढा म्हणून ओरड झाली, तरी बोर्डाने ठेवला, आणि २०११ ला त्याच माणसाने कप जिंकून दिला. मला यात हेन्रीपेक्षा उमागाचं जास्त कौतुक वाटतं, आणि त्याहून जास्त त्या टीममधल्या वातावरणाचं, की कॅप्टन हे विचारू शकला. आपल्या किती टीम्समध्ये असं विचारलेलं खपेल? 'तू मला शिकवणार का' हे उत्तर तयार असतं.

मग येऊ दुसऱ्या मुद्द्याकडे, ज्यावर माझं अनेकांशी भांडण आहे. काही वर्षांपूर्वी मी एक कोर्स केला, कुठला ते सोडा, त्यात वीस सेशन्सचे वीस रिफ्लेक्शन फॉर्म भरून द्यायचे होते. फॉर्म होता ग्रॅहम गिब्स यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या चक्रावर: काय घडलं, काय वाटलं, चांगलं-वाईट काय, का झालं, निष्कर्ष, पुढची योजना. चक्र चांगलं आहे, माझी काही तक्रार नाही. पण वीसचे वीस फॉर्म मी सबमिशनच्या आदल्या रात्री भरले, तीन वेगवेगळ्या पेनांनी, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं वाटावं. माझ्या शेजारच्या खोलीतले दोघं पण तेच करत होते, आम्ही एकमेकांचे 'काय वाटलं' हे रकाने वाटून घेतले. माझ्या फाइलवर शेरा आला, 'उत्तम व प्रामाणिक'.

मी लबाडी केली, हो. पण विचार करा की मी खरं लिहिलं असतं, की आज चौदा वर्षांच्या पोरीवर इतका ओरडलो की ती रडली आणि मला माफी मागायचं धाडस झालं नाही, तर ते वाचणारा माणूस मला पास-नापास करणारा होता. कोण लिहील? ज्याला मार्क मिळणार आहेत त्या लिखाणात माणूस स्वतःला छोटीशी, गोंडस चूक करू देतो आणि शेवटच्या परिच्छेदात ती सुधारतो. सगळ्या फायली तशाच असतात, ज्यांनी तपासल्या आहेत त्यांना विचारा.

यावर समोरून जो युक्तिवाद येतो तो हलका नाही. तो असा की कोच हा मुलांबरोबर काम करतो, त्याला मोकळं सोडता येणार नाही, जबाबदारी नको का? हवीच. पण त्यासाठी निरीक्षक पाठवा, मुलांना विचारा, पालकांच्या तक्रारीला दार ठेवा, व्हिडिओ बघा. कोचचं वागणं बाहेरून तपासा आणि त्याची वही त्याच्याकडे राहू द्या, दोन्ही एकाच कागदावर करायला गेलात तर एकही होत नाही. फार तर एवढं विचारा की वही आहे का आणि गेल्या महिन्यात त्यातून कुठली एक गोष्ट बदललीस, तोंडी सांग. तोंडी खोटं बोलणं जरा अवघड जातं, निदान उलट प्रश्न विचारता येतो.

आणि वेळ द्या. सगळी मेख इथे आहे. अकॅडमी कोचला तासावर पैसे देते, एक बॅच संपते तेव्हा पुढची पोरं आधीच वॉर्म-अप करत असतात, आणि मग आपण त्याला सांगतो घरी जाऊन चिंतन कर. दीड तासाच्या सेशनमधली शेवटची दहा मिनिटं त्याची धरा, पगारात धरा. हे वायफळ आहे असं ज्या व्यवस्थापकांना वाटतं त्यांच्यासाठी: टॅनेनबॉम आणि सेरासोली यांनी २०१३ मध्ये, काम झाल्यावर बसून नीट चर्चा करण्यावरचे बरेच अभ्यास एकत्र केले, तर कामगिरी सरासरी २० ते २५ टक्क्यांनी सुधारलेली दिसली. दहा मिनिटांच्या बदल्यात वाईट सौदा नाही.

पण मेडल वाढतील असं आश्वासन मी देणार नाही. वर ज्यांचा उल्लेख केला त्या स्मिथ-स्मॉल यांनी कोचेसना एक छोटं ट्रेनिंग दिलं, त्यात स्वतःच्या वागण्याची नोंद ठेवायचा एक साधा फॉर्म पण होता, कुणी मार्क न देणारा. त्या कोचेसच्या टीम्स काही जास्त जिंकल्या नाहीत. मुलांना मात्र ते कोच जास्त आवडले. आणि त्याच पठडीतल्या १९९२ च्या अभ्यासात पुढच्या सीझनला खेळ सोडून गेलेली मुलं ट्रेनिंग घेतलेल्या कोचेसकडे ५ टक्के होती, बाकीच्यांकडे २६ टक्के. मला वाटतं हा आकडा प्रत्येक क्रीडा अधिकाऱ्याच्या टेबलावर काचेखाली असावा. चारातलं एक पोर निघून जातं आणि कोचच्या खात्यात त्याची कुठे नोंदही होत नाही, कारण रिझल्टशीटवर फक्त जे राहिले त्यांची नावं असतात.

एक धोका मात्र मान्य करायला हवा, तो मी स्वतः भोगलाय. मागे बघायची सवय लागली की काही लोक फक्त मागेच बघत बसतात. मध्यंतरी दोनेक महिने मी इतकं स्वतःला तासत होतो की प्रॅक्टिसमध्ये बोलायलाच घाबरायला लागलो, प्रत्येक वाक्याच्या आधी हे कुठल्या रकान्यात जाईल असा विचार. पोरींनाच विचित्र वाटायला लागलं, एकीने तर विचारलं, सर तब्येत बरी आहे ना. तेव्हापासून नियम केला, एका वेळी एकच गोष्ट, आणि काय चुकलं याच्या खाली काय करणार हे लिहिता येत नसेल तर वही बंद करायची. नुसतं 'मी वाईट कोच आहे' लिहून कुणाचा पास सुधारत नाही.

जिचं नाव एकदाही घेतलं नव्हतं ती पोरगी. पुढच्या प्रॅक्टिसला मी ठरवून तिचं नाव घेतलं, सर्व्हिसला, "हात जरा लवकर वर ने," एवढंच. ती दचकली. खरंच दचकली, आणि चेंडू नेटमध्ये मारला. वहीत त्या दिवशीची ओळ तेवढीच आहे: 'नाव घेतलं तर दचकली.' पुढे बदलायचं काय ते मी त्या दिवशी लिहू शकलो नाही, नियम मोडला.

गेल्या आठवड्यातलं पान आत्ता समोर आहे. 'आधी: टाइमआउटला दोनच वाक्यं, पहिली पाच सेकंद गप्प. नंतर: एक वाक्य बोललो, दुसरं बोलायच्या आत लिबेरोनेच सगळ्यांना दोन पावलं मागे घेतलं. मी तीन म्हणणार होतो.'